काचेच्या घराला पडदा

ॲमस्टरडॅम, १२ ऑक्टोबर

एग्बर्ट,

‘प्रिय’ लिहायचं की नाही, यात सकाळची कॉफी गार झाली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नाव तुझंच आहे, त्यात खोटं काही नाही.

दचकू नकोस. कोणी आजारी नाही, मला जुनी भांडणं उकरायची नाहीत आणि तिकडे पोर्तुगालात, पोर्तोतल्या तुझ्या संसारात डोकावायचंही नाही. काम एकच आहे. मला पुढच्या खोलीच्या काचेला पडदा लावायचा आहे. फोन केला तर तुझा नंबर बदललेला. ईमेल केला तर तुझ्या ऑफिसातल्या मुलीने कळवलं, ‘सर प्रवासात आहेत.’ म्हणून कागदावर लिहिते आहे. प्रवासातला माणूससुद्धा कधीतरी घरी येऊन टपाल उघडतो.

आता तू म्हणशील, पडद्यासाठी मला कशाला विचारतेस? अरे, नियम तुझाच. गल्लीतली घरं बांधून झाली तेव्हा तूच मालकांच्या समितीकडून लिहून घेतलंस, की घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर ज्याने घर बांधलं त्याची संमती हवी. घर माझ्या नावावर झालं, पण काच अजून तुझीच आहे. समितीवर सध्या रूलोफ आहे, तोच लांब मानेचा, कोपऱ्यावरच्या तांब्याच्या घरातला. तो नियम फार पाळतो.

तू गेलास तेव्हा इथे कोणी फिरकत नव्हतं. आता गोदीवरची ही आपली गल्ली पाहण्याच्या ठिकाणांत गेली आहे. लोक सकाळी शहरातले जुने कालवे बघतात, वाकड्या घरांचे फोटो काढतात, हेरिंग मासा खातात आणि दुपारी सायकली काढून इकडे येतात, नवी वास्तुकला बघायला. लाल पुलावर चढतात, उतरतात आणि आपल्या काचेसमोर येऊन उभे राहतात. गल्लीतून खोली, खोलीतून मागचं पाणी, पाण्यावरच्या बोटी, सगळं आरपार. मधे मी बटाटे सोलत असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. एकदा ये. या खोलीत दुपारभर बस, माझ्या खुर्चीवर. त्यानंतर ‘नाही’ म्हणालास तर मी पुन्हा पडद्याचं नाव काढणार नाही. वरची खोली रिकामीच असते.

हर्मिना

---

२ नोव्हेंबर

एग्बर्ट,

तीन आठवडे झाले. टपाल खात्यावर ढकलू नकोस, मी पोचपावतीचं पत्र पाठवलं होतं.

काल मार्गदर्शक मुलगी आली होती, फ्लूर नावाची. गळ्यात छोटा माइक, मागे वीसेक माणसं. वारा सुटला होता, तरी वरची झडप उघडी असल्याने मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाली, “मंडळी, हे घर वास्तुकाराने आपल्या पत्नीसाठी बांधलं. तिला उजेडाचं वेड होतं. म्हणून त्यांनी एक भिंतच काढून टाकली.”

मला उजेडाचं वेड! मला भिंतीचं वेड होतं रे. भिंतीला टेकून बसायचं, भिंतीवर आईची घड्याळं लावायची. तू नकाशा दाखवलास तेव्हा मी विचारलं होतं, ‘इथे टेकायचं कुठे?’ आणि तू हसून म्हणाला होतास, ‘माझ्या खांद्याला.’ तेव्हा मलाही हसू आलं होतं.

दार उघडून बाहेर गेले. एक गृहस्थ, बहुतेक जर्मन, कॅमेरा खाली करून म्हणाले, “माफ करा हं, इथे खरंच कोणी राहतं का?”

म्हटलं, “छे हो. मला नगरपालिकेने बसवलंय. संध्याकाळी पुसून कपाटात ठेवतात.”

त्यांनी मान हलवली आणि ते वहीत टिपून घेतलं! फ्लूर मात्र ओशाळली. “बाई, आम्ही त्रास देतो का तुम्हाला?” म्हणाली. मी ‘नाही’ म्हटलं. पोर पोटासाठी हिंडते थंडीवाऱ्यात, तिच्यावर कशाला ओरडायचं? ज्याच्यावर ओरडायचं तो पोर्तोमध्ये बसलाय.

तुला वाटेल म्हातारी एवढी माणसं येतात-जातात तर मजेत असेल. एग्बर्ट, दिवसाला शंभर माणसं माझ्याकडे बघतात आणि आठवडाभर माझं कोणाशी चार वाक्यं बोलणं होत नाही. समोरच्या विटांच्या घरात आल्चे राहते, तुझ्या-माझ्या मुलखातली, ट्वेंटची. सकाळी दहाला ती कप उचलते, मी कप उचलते. झालं शेजारपण. एकमेकींच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी वेळ ठरवावी लागते, आणि वेळ ठरवायला निमित्त लागतं. ते कोणालाच सापडत नाही.

वरच्या खोलीतली चादर बदलली आहे. जिना शिडीसारखा उभा आहे हे तुला सांगायला नको, तूच केलास. तरी गुडघे दुखत असतील तर दिवाणावर झोप, मी सोय करीन. पण ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांग.

हर्मिना

---

७ डिसेंबर

एग्बर्ट,

तुझं कार्ड मिळालं. पुढे नदीवरचा लोखंडी पूल, मागे चार ओळी. ‘त्या काचेला पडदा लावणं म्हणजे घराच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं. विचारही करू नये. बाकी ठीक असशील.’

‘बाकी ठीक असशील’ याच्यापुढे तू प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नाहीस. मी कार्ड उन्हात धरून पाहिलं, शाई पुसली असेल म्हणून.

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. घराचे डोळे म्हणे! तुझ्या आईच्या खिडकीला कंबरेइतका लेसचा पडदा होता, विसरलास? वरचा अर्धा भाग दिवसभर उघडा, कारण घरात लपवण्यासारखं काही नाही हे गावाला दिसलं पाहिजे. खिडकीच्या कट्ट्यावर जिरॅनियमच्या कुंड्या. ती म्हणायची, “उघडी खिडकी म्हणजे घरात माणूस धडधाकट आहे.” भरदिवसा पूर्ण पडदा ओढला जायचा तो एकदाच, घरात कोणी गेलं की. मग शेजारी आपणहून यायचे, बोलवायची वाट न पाहता. एकाने घड्याळ थांबवायचं, एकीने चूल हातात घ्यायची. शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म. तुझे वडील गेले त्या सकाळी तुमच्या घराचा पडदा ओढलेला पहिल्यांदा माझ्या आईने पाहिला आणि ती पिठाच्या हातांनी तुमच्याकडे धावली. तू तेव्हा अंगणात उभा होतास. मी तुला पाणी दिलं होतं. तिथून आपलं सगळं सुरू झालं.

हे मी का लिहिते आहे? पडदा मला दिवसभर ओढायचा नाही, हे तुला कळावं म्हणून. संध्याकाळी दिवा लावला की बाहेर अंधार आणि आत मी, दुकानातल्या बाहुलीसारखी. तेवढ्यापुरता हवा आहे.

परवा सिंतरक्लासची, भेटी वाटायची संध्याकाळ होती. बेकरीत चॉकलेटची अक्षरं मांडली होती, ज्याचं त्याचं पहिलं अक्षर. माझा हात सवयीने तुझ्या अक्षराकडे गेला. पैसे दिले, पिशवीत टाकलं, घरी येऊन कोट काढल्यावर लक्षात आलं. मग बसून मीच खाल्लं. समोर दोन पोरी उभ्या राहून फोटो काढत होत्या, त्यांच्याकडे पाठ करायला जागा शोधली, तर मागे पाणी आणि पाण्यावर सहलीची बोट!

तुझं उत्तर मला मान्य नाही. तू खोलीत बसून दिलेलं उत्तर नाही ते. ये, बस, आणि मग बोल. जानेवारीत ये. थंडीत इथे माणसं कमी असतात, आपल्याला निवांत बोलता येईल.

हर्मिना

---

१८ जानेवारी

एग्बर्ट,

अक्षर वाकडं आलंय. तापातून उठले आहे.

जिना चढवेना म्हणून खालीच दिवाणावर पडून होते. उशी काचेकडे, कारण दुसरीकडे डोकं ठेवायला तू जागाच ठेवली नाहीस. दिवस किती गेले विचारू नकोस, मला सकाळ-दुपार कळत नव्हती. नाताळनंतर माणसं कमी येतील हे माझं गणितही चुकलं. एका फ्रेंच मासिकात म्हणे घराचा फोटो छापून आलाय. येत होते, एकामागून एक. मी डोळे उघडले की काचेबाहेर चेहरे.

एकदा मला तहान लागली होती. पेला जमिनीवर, हात पुरत नव्हता. बाहेर कोट घातलेली एक बाई उभी होती. मी हात वर केला. तिने हसून हात हलवला. तिला वाटलं, मी तिला ‘या’ म्हणते आहे, किंवा ‘छान आहे ना घर’ म्हणते आहे, देव जाणे. हात हलवून ती पुलाकडे निघून गेली. मी चादरीत तोंड खुपसून रडले, एग्बर्ट. तेही लोकांनी बघितलं असेल.

आल्चेला दोष देत नाही. ती समोरून बघत होतीच. पण उघड्या खिडकीत दिवाणावर पडलेलं माणूस म्हणजे आराम करणारं माणूस. उघड्या खिडकीत वाईट काही घडत नाही असं आपण लहानपणापासून शिकलो, ती पण तेच शिकली. तिला वाटलं असणार, मजा आहे बाईची, दुपारची झोपते.

आज सकाळी अंगात जरा त्राण आलं. तुझ्या छताला भोक पाडता येत नाही हे मला ठाऊक आहे. काच तू थेट काँक्रीटमध्ये घुसवलीस, वर पट्टी नाही, चौकट नाही, की चुकूनसुद्धा कोणी पडदा लावू नये. तरी ड्रिल लावलं. टोक मोडलं. दुसरं मोडलं. मग बोटीची दोरी काढली, एक टोक पुस्तकांच्या कपाटाला, एक टोक जिन्याच्या कठड्याला, आणि त्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या. आपल्या लग्नातल्या, आईने दिलेल्या. चिमटे कपड्यांचे.

खोलीत दुधासारखा उजेड पडला आहे. बाहेरचं कोणी दिसत नाही. आत बसले, सूप प्यायले, नाक शिंकरलं, आणि या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा पायातले मोजे काढून पाय खुर्चीवर घेतले.

संमती मागितली नाही. काय करायचं ते कर.

हर्मिना

---

२३ जानेवारी

एग्बर्ट,

काय झालं ते सांगते. हसशील. निदान मी तरी हसते आहे.

चादरी लावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडलं तर आल्चे. डोक्याला रुमाल, अंगावर एप्रन, हातात कॉफीची मोठी किटली. मला बघितलं आणि किटली दारातच ठेवून मटकन पायरीवर बसली.

“अगं बाई, तू आहेस?”

“मग कोण असणार?”

“मी घड्याळ थांबवायला आले होते!” म्हणाली आणि रडायलाच लागली. मग माझ्यावर भडकली. “भरदिवसा पडदा ओढतेस? पांढऱ्या चादरी? ट्वेंटची ना तू? माझ्या जिवाचं काय झालं असतं? रात्रभर मी मनात म्हणत होते, समोर राहून आपण कधी आत गेलो नाही आणि आता जायचं ते तिला शेवटचे कपडे चढवायला!”

“आत ये आधी,” म्हटलं, “थंडी येते.”

ती आत आली, वेळ न ठरवता! घरभर हिंडली. म्हणाली, “बाहेरून वाटतं राजवाडा आहे. आतून तर साधं घरच आहे की गं.” दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. मग आम्ही ती किटली संपवली. तिने बिस्किटांचा डबा उघडला. आपल्याकडे एकेक दिलं की झाकण लावतात, तिने लावलंच नाही. दुपारी तिनेच वाटाण्याचं सूप केलं. संध्याकाळी जाताना म्हणाली, “उद्या येते. मेली नाहीस म्हणून येणं थांबवीन असं समजू नकोस.”

पण गंमत पुढेच आहे. ओढलेल्या पडद्याचा अर्थ आपल्या देशातल्या माणसांना समजतो, तसा फ्लूरलाही समजला. तिने काचेसमोर सगळ्यांना थांबवलं, टोपी काढली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “मंडळी, या घरात दुःखद घटना घडली आहे. आज इथे फोटो नकोत.” तिच्या लोकांनी माना खाली घातल्या. मी चादरीमागे श्वास रोखून उभी. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी पांढऱ्या ट्यूलिपचा गुच्छ. मग दुसरा. वास्तुकलेच्या कॉलेजातल्या मुलांनी मेणबत्ती ठेवली, ‘गुरुजींना निरोप’ असं लिहून. म्हणजे अर्ध्या गावाच्या मते मी गेले आणि अर्ध्यांच्या मते तू. चादरी घातलेल्या घराचा फोटो सगळीकडे फिरतोय, रूलोफ सांगत होता. तो बिचारा काळा टाय लावून आला, मी दार उघडल्यावर टायला हात लावून म्हणाला, “हर्मिनाबाई, हे मी घरी जाऊन काढतो.”

तर एग्बर्ट, फोटो तुझ्यापर्यंतही पोचेल. तू ट्वेंटचा आहेस. तुझ्या आईने तुला जे शिकवलं ते पोर्तोच्या उन्हाने धुऊन जाणार नाही. पांढरी चादर पाहिलीस की तुला कळेल, आणि काळजात धस्स होईल. व्हावंच जरा. मला तेवढं हवं आहे, स्पष्टच सांगते. तू फोन करशील. घरचा नंबर तोच आहे, तू लावून घेतलेला. फोन दिवाणाजवळ आणून ठेवला आहे. उचलल्यावर काय बोलायचं ते ठरवलंय: ‘मी आहे, घाबरू नकोस.’ बस्स. मग तू येशील तेव्हा ये.

चादरी तोवर काढत नाही.

हर्मिना

---

४ फेब्रुवारी

एग्बर्ट,

फोन आला नाही. म्हणजे इथे आला नाही.

काल रूलोफ आला. कोट काढेना, बसेना, तुझ्या त्या काचेकडे तोंड करून चादरीच्या चिमट्यांशी खेळत राहिला. आल्चे सूप ढवळत होती. शेवटी तीच म्हणाली, “रूलोफसाहेब, दाढदुखी असल्यासारखं काय करताय? बोला की.”

तो म्हणाला, “हर्मिनाबाई, एग्बर्टचा फोन आला होता. मला.”

“कधी?”

“बरेच दिवस झाले. फोटो पसरला त्याच संध्याकाळी. तुम्हाला सांगावं की नाही, कळत नव्हतं.”

“मी गेले असं समजून केला?”

“हो.”

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? फोटो पाहिल्यापाहिल्या तू फोन उचललास, थांबला नाहीस. मी विचारलं, “काय म्हणाला?”

रूलोफ तुझ्यासारखा हुशार नाही. त्याला गोड करून सांगता येत नाही. तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, घर आता कोणाकडे जाईल? नव्या मालकाला नियम दाखवा म्हणाले. काचेला कोणी हात लावता कामा नये.”

आल्चेचा सूपातला डाव थांबला. “एवढंच?” तिने विचारलं.

“मी त्यांना सांगितलं,” रूलोफ म्हणाला, “की बाई आहेत, मी सकाळीच भेटलो, तापातून उठल्या आहेत. तर म्हणाले, अच्छा. मग त्या चादरी काढायला सांगा.”

आल्चेने आपल्या मुलखातली एक शिवी दिली. तुझ्या आईसमोर ती कोणी उच्चारली असती तर तिने साबणाने तोंड धुवायला लावलं असतं. मला शिवी आठवेना, रडू येईना, काहीच येईना. दिवाणावर बसले तर रूलोफने माझ्या पाठीशी उशी धरली, कारण टेकायला काही नव्हतं.

या घरात एकच माणूस राहतं, एग्बर्ट. पांढरी चादर पाहून कोण गेलं असा घोळ बाकीच्यांचा झाला. तुझा झाला नाही. तुला ठाऊक होतं, आणि तू काचेची चौकशी केलीस. कशाने गेली, एकटी होती का, तिला कोणी पाणी दिलं का, यातलं काही तुला विचारावंसं वाटलं नाही. आणि मी जिवंत आहे हे कळल्यावर तुझ्या तोंडून ‘अच्छा’ आलं.

आता माझंही ऐक. तुझी संमती मला कधीच लागत नव्हती. नियम बाहेरच्या बाजूचा आहे, आतला पडदा ज्याचा त्याचा. रूलोफने मला ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, असू दे, एग्बर्टला विचारते. निमित्त हवं होतं. तू यावंस, या खोलीत बसावंस, माझ्याशी भांडावंस, एवढ्यासाठी सगळा पडदा होता. पाच पत्रं लिहिली, त्यांत पडदा आणि त्यांतच ‘ये’. तू पडदा वाचलास.

आज सकाळी आल्चे आणि मी बाजारात जाऊन निळं जाड कापड आणलं. तिचं मशीन माझ्या टेबलावर आहे, ती शिवते आहे आणि मी कडा धरून बसले आहे, म्हणून हे पत्र मधेमधे थांबतंय. वर छताशी फळी बसवायला रूलोफने माणूस पाठवला. त्याच्याकडे काँक्रीट फोडणारं टोक होतं. चार भोकं पडली. धूळ पुष्कळ उडाली, ती झाडून टाकली.

फ्लूर खिडकीशी आली होती. तिने विचारलं, “बाई, आता मी लोकांना या घराबद्दल काय सांगू?” म्हटलं, “सांग, इथे हर्मिना राहते. आणि दार वाजवलं तर ती उघडते.”

तुझी खोली आल्चेला दिली आहे. तिचा जिना माझ्या जिन्यापेक्षाही उभा आहे, आणि रात्री पडली तर तिला बघायला कोणी नाही.

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

हर्मिना